राहीबाई हाऊसकीपरीण

"कामाच्या बाईला कामाचं नाव द्यावं गं. पदवी दिऊ न्हाई, पदवी अंगावर येती," असं धोंडुबाईंनी सुनेला बजावलं होतं. लीलाने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. सांगलीच्या कॉलेजातून बी.ए. झालेल्या मुलीने म्हसवडच्या सासूचं किती मनावर घ्यावं? देश स्वतंत्र व्हायची बोलणी चालली होती, आणि आपल्या साताऱ्यातल्या घरात 'मोलकरीण' हा शब्द अजून नांदतो याची तिला लाज वाटे.

म्हणून मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका चहाला आल्या तेव्हा ती म्हणाली, "या राहीबाई. आमच्या हाऊसकीपर."

राहीबाई ट्रे धरून ताठ झाल्या. रात्री जाताना त्यांनी अर्थ विचारला. लीला तान्ह्या बाळूच्या कपाळाला हात लावून ताप बघत होती; तो नव्हताच, पण असता तर? "घर राखणारी," ती न बघताच म्हणाली.

राहीबाईंनी खात्री नवऱ्याकडून करून घेतली. मानसिंग लढाईवरून नुकताच परतला होता आणि त्याचं इंग्रजी पलटणीतलं होतं. त्यात कीपर एकच होता.

"गोलकीपर गं. दोन खांबांच्या मदी हुबं ऱ्हायचं. आत काय जाऊ द्यायचं न्हाई. लय इज्जतीचं काम."

राहीबाईंनी दाराची चौकट आठवून पाहिली. दोन खांब, वर आडवी. सगळं बसत होतं.

दुसऱ्या दिवशी बाळू दोनदा शिंकला. त्याला झोपवून, राहीबाईंना लक्ष ठेवायला सांगून लीला डॉक्टरांकडे पळाली. दोन शिंकांनी मुलाला काही होत नाही, डॉक्टर म्हणाले. फक्त सर्दीपडशाची माणसं जवळ येऊ देऊ नका. आता हे सासरच्या माणसांना कोणत्या तोंडाने सांगायचं, याचा विचार करत ती परतली, तर पायरीवर साक्षात धोंडुबाई गाठोडं घेऊन बसलेल्या. शेजारी दूधवाला, त्याची निम्मी कासंडी धोतरावर. आणि चौकटीत पदर खोचून, पाय फाकून, दोन्ही हात पसरून राहीबाई.

"आत्याबाई, बाहेर का बसलात?"

"मी शॉट हाय म्हनं. लांबनं आलेला."

दूधवाल्याने डावीकडून झुकांडी देऊन पाहिली होती. त्याचा परिणाम धोतरावर होता.

"राहीबाई, सरका. माझं घर आहे हे."

"म्हनूनच न्हाई वैनी. आपल्याच गड्यानं चेंडू आत घातला की सेल्फ गोल हुतो. लय नाचक्की."

तेवढ्यात आत बाळू रडू लागला. त्याची दुधाची वेळ झाली होती. राहीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण खांब सोडून आत जाणार कसं? शेवटी दूधवाला धावत जाऊन मानसिंगला घेऊन आला. मानसिंगने सगळं ऐकून घेतलं, मग दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली.

"हाफटाइम. बाजू बदला. भायेरची आत, आतली भायेर."

हुकमाप्रमाणे सगळे आत गेले. आणि आतली म्हणून राहीबाई, आतल्याच बाळूला आधी उचलून, बाहेर आल्या. आता लीला घरात आणि मूल पायरीवर. राहीबाईंनी त्याला दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं होतं.

"मानसिंग," लीलाने आवाज शक्य तितका शांत ठेवला, "चेंडू हातात आला की गोलकीपर काय करतो?"

"लाथ घालतो वैनीसाब. पार माळापत्तूर जातो."

लीलाने चौकट धरली. "आणखी काही करता येतं का?"

मानसिंगने टोपीखाली डोकं खाजवलं. "हातानं बी देता येतो. पर जवळच्या गड्याला."

"मी जवळचीच आहे."

राहीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान डोलावली. बाळू हातातून हातात आला आणि पदराआड शांत झाला.

"आता तरी मोलकरीन म्हन," चहा पिता पिता धोंडुबाई म्हणाल्या. लीलाही तेच सांगायला उठली. पण दुसरा डाव सुरू झाला म्हणून राहीबाई पुन्हा चौकटीत उभ्या होत्या, आणि समोर खोकणाऱ्या शेजारीणबाई बाळाचा पापा घ्यायला आल्या होत्या. त्या परत गेल्या. मागोमाग नाक पुसणारे एक चुलतसासरेही परत गेले. लीलाला कुणाला एक शब्द बोलावा लागला नाही. बाळू कधी नव्हे तो सलग झोपला.

लीला दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "राहीबाई, चहा तिथंच आणून देते. जागा सोडू नका."

दिवेलागणीला तिचे यजमान दादासो कचेरीतून आले. पायरीवर पाय ठेवता ठेवता शिंकले. राहीबाईंनी मागे वळून पाहिलं. लीलाने नुसती नकारार्थी मान हलवली.

तर तुम्ही आज मंगळवार पेठेवरून जाणार असाल, तर लीलाचं एवढं काम करा. पायरीवर टोपी मांडीवर घेतलेले एक गृहस्थ बसलेले दिसतील. जेवण खिडकीतून दिलं आहे, घोंगडीही दिली आहे. त्यांच्या शिंका थांबल्या का, तेवढं विचारून या. लांबूनच विचारा.