पुलेंग त्लाडी यांची पाच तारांवरील स्वारी

श्रीस्वर समर्थ. जोहान्सबर्ग शहरी रिजव्ह्यू नामे कलाशाळेत, इयत्ता दहावी गायनशाखेत, दुसरे सत्राअखेर जे तुंबळ युद्ध जाहले, त्याची हकीकत मागाहून ज्याने त्याने आपापल्या परी सांगितली. कोणी तिखटमीठ लाविले, कोणी आपणांस मध्येच घुसडिले. सबब खरे वर्तमान कागदी उतरणे प्राप्त जाहले. बखरकार सदरहू शाळेत वीस वर्षे दप्तरी बसतो, आणि गायनदालनाचे दार पातळ आहे, इतका पुरावा सुज्ञांस पुरे.

पुलेंग त्लाडी, उमर सोळा, वतन सोवेटोपैकी मेडोलँड्स, आवाजाच्या बहुत तालेवार. यांचे मामा खोत्सो हे ख्रिस्ती देवळातील गायकफौजेचे सरलष्कर. त्यांचे पदरी वाढल्यामुळे बाईंस डो-रे-मीची, म्हणजे विलायती सारेगमची, अक्षरलिपी बोबड्या वयापासून अवगत होती. तो सारा मुलूखच अक्षरांवर गातो. कागदावर नुसती अक्षरे टाकावी, आणि मग साठ माणसांनी चार भागांत, दर भागाचा सूर निराळा धरून, उभे छप्पर हलवावे, ऐसा शिरस्ता. परंतु कलाशाळेत अंमल पाच तारांचा, म्हणजे पाच आडव्या रेघांवरील विलायती स्वरलिपीचा. पाच तारांचे कुंपण, आणि त्यावर काळे ठिपके चिमण्यांसारखे बसलेले. ते पाहताच पुलेंगबाईंच्या डोळ्यांपुढे अंधारी येई.

तेव्हा बाईंनी गनिमी कावा केला. दर ठिपक्याखाली पेन्सिलीने बारीक अक्षर लिहावे, आणि मग वर पाहिल्याचे सोंग आणून खाली वाचावे. ऐसे वर्गात चार महिने निभावले. पुढे गायनशाखेच्या खाविंद मिसेस फान रेन्सबर्ग यांचे नजरेस ती अक्षरे पडली. बाईसाहेब शिस्तीच्या कडक. घंटेनंतर आलेल्यास दाराबाहेर उभे करावे, मग तो मुख्याध्यापक का असेना, ऐसा लौकिक. त्यांनी खोडरबर मागविला, सर्वांसमक्ष सारी अक्षरे पुसविली, आणि फर्मान सोडले की, पाहताक्षणी गाण्याचे परीक्षेत जो दोन वेळा गारद होईल तो गायनशाखेतून बडतर्फ. त्याने नेपथ्यशाखेत जाऊन रंगाचे डबे उचलावे. परीक्षेत कागद ऐन वेळी हाती येई, अक्षरे लिहावयास सवड नसे, म्हणून पुलेंगबाई पहिले सत्री एकवार गारद जाहल्याच होत्या. आता हरल्या तर गाणे संपले.

ते सायंकाळी पुलेंगबाई मामांकडे गेल्या. मामा चहात मग्विन्या, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, बुडवून खात होते. भाचीचे तोंड पाहून त्यांनी कप खाली ठेविला.

"काय गं, कोण मेलं?"

"मामा, मला ते ठिपके वाचता येत नाहीत. मला काढून टाकणार."

"हात् वेडे! ठिपक्यांना काय घाबरतेस? सुरुवातीला शार्पच्या खुणा असतात ना, जाळीसारख्या? त्यांतली शेवटची म्हणजे टी, डोच्या लगेच खालचा सूर. तिच्या वरचं घर डोचं. एकदा डो सापडला की बाकीचं खानदान आपापल्या पायरीवर बसलेलंच आहे."

"एवढंच?"

"एवढंच. साठ वर्षांच्या म्हाताऱ्यांना शिकवलंय मी. तू काय आभाळातून पडलीस?"

मग तीन सप्ताह मामांनी कवायत घेतली, आणि बाईंनी टॅक्सीत, रांगेत, भांडी घासताना डो शोधिला, आणि पाच तारांचा किल्ला आतून फितूर जाहला.

जून मास, त्या मुलखी ऐन हिवाळा, थंडी हाडांत शिरलेली, ऐसे समयी परीक्षेचा दिवस उगवला. बाहेरून परीक्षक लुडिडीसाहेब आले. ईस्टर्न केपकडील मातबर असामी, देह भव्य, आवाज तळघरातून यावा तैसा. त्यांनी शर्ती वाचून दाखविल्या: प्रत्येकाने एकट्याने गावे, कोणाची कुमक आल्यास चाल बाद, बदली चाल एकच मिळेल, तीही बाद तर उमेदवार बाद. बाकीचे तेवीस शिलेदार बाहेर बोळात नंबरांची वाट पाहत बसले.

पुलेंगबाई आत गेल्या. कागदावर दोन शार्प. शेवटची टी, वरचे घर डोचे. बाईंनी डो धरिला आणि चाल केली, आणि मग ठिपकेच बाईंस पाहून दबले. मध्यावर ओळ टीवर येऊन थांबली. आता या मुलुखाची रीत ऐसी की, कोणी टीवर, म्हणजे डोच्या ऐन उंबरठ्यावर, लटकला असता त्यास एकटे लटकू देणे हे माणुसकीस सोडून आहे. बोळातून आधी टेबोहो याचा खर्ज उठला, त्यावर मधले सूर चढले, आणि क्षणात तेवीस गळे दाराआडून चार भागांत दणाणले. चाल कोणी पाहिली नव्हती, सुरावट कोणी ठरविली नव्हती, तरी एक सूर चुकीचा नव्हता. बखरकाराने वीस वर्षांत ऐसे गाणे ऐकिले नाही.

लुडिडीसाहेबांनी चाल बाद केली. मिसेस फान रेन्सबर्ग बोळात अवतरल्या.

"कुणी सुरू केलं?"

टेबोहो उभा राहिला. "मॅडम, मी. पण ती टीवर थांबली हो! आमच्यानं राहवेना."

"परीक्षा चालू होती!"

"ते नंतर आठवलं, मॅडम."

हुकूम सुटला. तेवीसही जणांस नेटबॉलच्या मैदानावर हाकून दिले, वाऱ्यात उभे केले, तोंडे बंद ठेवण्याची ताकीद दिली. मग दार लागले, आणि दालनात ऐसी शांतता पडली की भिंतीवरील घड्याळ ओरडू लागले.

दुसरी चाल, तीन शार्प. डो सापडला. परंतु तेव्हा बाईंस उमगले की, खरा शत्रू पाच तारा नव्हेच. जन्मापासून त्या एकट्या कधी गायिल्याच नव्हत्या. देवळात नाही, लग्नात नाही, मयतीत नाही. घरी भाजी चिरताना एक ओळ काढावी तर शेजारीण भिंतीपलीकडून दुसरी लावी. आता सूर सोडला आणि त्यास धरणारे कोणी नव्हते. बाईंस मनापासून भीती वाटली, आणि रडू आले, आणि पाचवे मात्रेवर त्या थांबल्या. दोन मात्रा वाट पाहिली. कोणी आले नाही. मग पुलेंग त्लाडी यांनी डोळे पुसले नाहीत, मागे पाहिले नाही, आणि एकट्याच पुढे निघाल्या. सूर कापला, पण तुटला नाही. पायरी पायरी चढत टीपर्यंत आल्या, आणि डोवर पाय ठेविला.

तोच खालून धरणीकंप व्हावा तैसा खर्ज डो उमटला. पाहतात तो खासे लुडिडीसाहेब! डोळे मिटलेले, हात पोटावर, सूर पूर्ण लांबीचा.

सूर विरला. साहेबांनी डोळे उघडिले, आणि आपण काय केले ते ध्यानी येऊन घामाघूम जाहले.

मिसेस फान रेन्सबर्ग चष्म्यावरून पाहत होत्या. "सर, आपल्यालाही नेटबॉलच्या मैदानावर पाठवू का?"

"माफ करा, मॅडम. सवयच आहे हो लहानपणापासूनची." साहेबांचा आवाज प्रथमच बारीक जाहला. "पण नियम नियमच. कुमक आली. ही चालसुद्धा बाद धरावी लागेल."

तेव्हा मिसेस फान रेन्सबर्ग यांनी पेन्सिल उचलिली. ज्यांनी पोरीची अक्षरे पुसविली त्याच त्या.

"मी मात्रा मोजत होते. मुलगी डोवर आपल्या पायांनी पोचली. तुम्ही एक मात्रा उशिरा आलात. आणि उशिरा येणाऱ्याला माझ्या वर्गात आल्याचं धरत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही आलाच नाहीत. गुण लिहा."

साहेबांनी लिहिले. थांबल्याबद्दल कापून शंभरांत एकोणसाठ. गायनशाखेतील जागा कायम. पुलेंगबाईंनी आभार मानावयास तोंड उघडिले, तो बाईसाहेबांनी दाराकडे बोट दाखविले.

"जा, त्यांना आत बोलाव. गारठली असतील."

येणेप्रमाणे पाच तारांचा किल्ला सर जाहला. दप्तरी नोंद केली ती ऐसी: उमेदवार पुलेंग त्लाडी, पाहताक्षणी गायन, पास, कोणाचीही कुमक न घेता. खाली सही मिसेस फान रेन्सबर्ग यांची, शेजारी लुडिडीसाहेबांची. शाई वाळावयाच्या आत मैदानाकडून फत्तेचा पहिला सूर आला, पुलेंगबाईंचा, एकटीचा. दोन मात्रांनी मागून तेवीस आले.