अबू तन्नूस यांनी ईस्टर पुढे ढकलिला त्याची हकीकत

आकाश आणि पृथ्वीचा कर्ता जो समर्थ, त्याचे स्मरण करोन लिहावयास बैसलो. लुबनान, म्हणजे लेबनॉनचे डोंगरी ऐन तूत म्हणोन मौजे आहे, तेथे जे घडले ते घडले तैसे लिहितो. पदरचे मीठ घातले असेल ते चवीपुरते.

मौजे मजकुरी प्रभू येशूची देवळे दोन, समोरासमोर. एक ग्रीक रीतीच्या रूम लोकांचे, दुसरे रोमच्या पोपास मानणाऱ्या मारोनी लोकांचे. देव एक, ग्रंथ एक, खापरपणजोबाही बहुधा एकच. परंतु पंचांगे दोन. त्या योगे प्रभू मेल्यातून उठले तो ईस्टरचा सण मारोनी मंडळी आधी करीत, रूम मंडळी मागाहून करीत, आणि जो मागे राही तो पुढच्याचे घरातील मांसाचा वास घेत उपास, म्हणजे मांस-तुपाविण दिवस, काढी. तीन-चार सालांनी कधी दोन्ही सण एके दिवशी पडत, तेव्हा ते साल गावात खुशालीचे गणले जाई.

ऐशा गावी हीलानेबाईसाहेब, जन्माने रूम, या अबू तन्नूस नामे मारोनी सरदारांस दिल्या होत्या. सरदारांची दौलत म्हणजे जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची, झाडे आणि एक आडमुठे गाढव. बाईसाहेबांनी आईस मरतेसमयी वचन दिले जे, सासर कोणतेही असो, उपास माहेरचेच पाळीन. ते वचन त्यांनी आजपावेतो मोडिले नव्हते. म्हणोन मारोनी ईस्टरास बाईसाहेब कोकरू रांधीत, खवय्यांस वाढीत, आणि आपण चुलीपाशी बसोन मसूर-भात खात. आणि अबू तन्नूस बैठकीत कोकरू खात खात चुलीकडे पाहात. पुढे रूम ईस्टर येई तोवर सरदारांचा सण शिळा होऊन गेलेला असे.

त्या साली दोहों सणांत पाच आठवड्यांचे अंतर पडले. पुढील साली दोन्ही एके दिवशी येणार होते. परंतु हिवाळ्यात अबू तन्नूसांचे काळजाने दगा केला, आणि शहरचे हकिमांनी बाईसाहेबांस बाजूस घेऊन कळविले जे, पुढील सालाचा भरवसा धरू नये. बाईसाहेब रुमालात तोंड घालोन पोटभर रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी मनाशी निश्चय केला जे, धन्यांसोबत सणाचे ताट एक वेळ तरी याच साली जेवावयाचे. येथून मोहिमेस आरंभ जाहला.

प्रथम वकिली. रूम देवळाचे खूरी, म्हणजे पुरोहित, मित्री हे बाईसाहेबांचे धाकटे बंधू; मारोनी देवळाचे खूरी बुतरुस हे शेजारी. बाईसाहेबांनी उभयतांस कॉफीस बोलाविले आणि विनंतीवजा हुकूम केला जे, यंदा सण एके दिवशी करावा. उभयतां बहुत गंभीर जाहले. बोलणे पंचांगावरून निघाले, तेथून जुन्या धर्मसभांवर गेले, आणि कॉफी निवण्यापूर्वी श्रद्धासूत्रावर येऊन अडकले. पवित्र आत्मा पित्यापासून निघतो हे दोघांस मान्य. पुढे 'आणि पुत्रापासूनही' हे शब्द बुतरुस म्हणत, आणि ते ऐकता मित्रींची दाढी थरथरे. हजार वर्षांचा तंटा, तो एका कॉफीने काय मिटतो! अखेर तह ठरला जे, दोन ईस्टरांचे मध्ये जो तिसरा रविवार पडेल तो दोघांनी धरावा. हा तह जाहीर होताच दोन्ही देवळांची मंडळी चौकात गोळा जाहली आणि एकमुखाने तो धुडकाविती जाहली, कारण तो रविवार कोणाचाच ईस्टर नव्हता. त्या गावी उभय पक्षांचे एकमत पडले ते हे पहिलेच.

मग मारोनी ईस्टर उजाडला. बाईसाहेबांनी रात्रभर विचार करोन वचन मोडावयाचे ठरविले होते. कोकरू भाताने भरिले, रव्याच्या गोड वड्या तुपात केल्या, दोन ताटे वाढिली आणि धन्यांसमोर येऊन बैसल्या. घास उचलिला. अबू तन्नूसांनी ताटावर आपला पंजा आडवा धरिला.

"हीलाने, वर गेल्यावर आईला काय सांगशील?"

"सांगेन, नवरा मरायला टेकला होता."

"मग नवऱ्यालाच थांबू दे की. पाच आठवडे मेलो नाही म्हणजे झालं. आण ती तुझी डाळ."

ऐसे बोलोन सरदारांनी कोकरू दूर सारिले आणि आपला ईस्टर खुद्द आपल्या हुकुमाने पुढे ढकलिला.

ही बातमी वणव्यासारखी पसरली. खूरी बुतरुस तातडीने आले, कारण प्रभूच्या उठण्याचे दिवशी उपास करणे हा धर्माचा अपमान होय. त्यांचे पाठोपाठ मित्री आले, कारण मारोनी माणसाने रूम उपास धरिला तर तो कोणाचे खाती रुजू करावा, हे शास्त्रात कोठे सापडेना. उभयतांची गाठ उंबऱ्यावर पडली, आणि गृहस्थ चुकला याविषयी दोघांत तिळमात्र मतभेद नव्हता. दोघांनी मिळोन बहुत उपदेश केला. अबू तन्नूस डाळ खात राहिले.

"खूरीबाबा," तोंडातला घास गिळून ते बुतरुसांस म्हणाले, "तो उठला, हे पक्कं ना? मग तो कुठं पळून चाललाय? मी येतो मागनं, हिला घेऊन."

बाईसाहेबांनी दोघांपुढे मसूर-भातच वाढिला, कारण चुलीवर उभयतांस चालेल ऐसा जिन्नस तोच होता. आणि तळल्या कांद्यावरून दोहों धर्ममार्तंडांची बोटे एकमेकांस लागली, तरी आभाळ कोसळले नाही.

पुढील पाच आठवडे घोर युद्धाचे गेले. हकीम म्हणाले, रोग्यास ताकद हवी. म्हणोन बाईसाहेबांनी डाळीत कोंबडीचे पाणी मिसळण्याचा कावा केला. सरदारांनी वास घेऊनच तो पकडिला.

"या डाळीतून कोंबडी पोहून गेलीय."

"गेली असेल. तुम्ही गिळा."

"तू गिळतेस का?"

ते भांडे गाढवापुढे ठेविले गेले, त्यानेही नाकारिले. सरदार दिवसेंदिवस वाळत चालले. शेवटचे आठवड्यात अंथरुणास खिळले. बाईसाहेब दोन्ही देवळांत मेणबत्त्या लावीत आणि दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट मागत: रविवार. बुतरुसांनी आपल्या वेदीवरून तो रूम लोकांचा रविवार अबू तन्नूसांस दिसावा म्हणोन प्रार्थना केली, आणि कोणी हरकत घेतली नाही.

रविवार आला. अबू तन्नूसांस उशांच्या आधारे बसते केले. कोकरू आले. सरदारांनी एक घास घेतला, हळूहळू चावला, दुसरा मागितला नाही. बाईसाहेबांनी आपला घास घेतला. दोघे एकमेकांकडे पाहात चावीत राहिली.

"काय गं, हा सण तुझा की माझा?"

"जेवा मुकाट्यानं."

"जेवतोय."

येणेप्रमाणे ऐन तूतची मोहीम फत्ते जाहली. श्रद्धासूत्राचा तंटा जैसा होता तैसा कायम आहे, पंचांगे दोनच आहेत. अबू तन्नूसांस त्याच दुपारी झोप लागली ती मोडली नाही. त्यांचे ताटात जे उरले होते ते बाईसाहेबांनी कोणास उचलू दिले नाही. भिंतीशी बसोन, शिते वेचून, सगळे आपण खाल्ले.