मनिरामचे पांढरे दिवे

"मी नसतो, त हे गाव पायी चालून चालूनच झिजलं असतं," असं मनिराम सालेकश्याच्या चहाटपरीवर रोज सकाळी म्हणायचा. त्याच्या पिकअपमध्ये बसायला मिळणं म्हणजे नशीब, असं दरेकसा गावात ज्या एका माणसाचं ठाम मत होतं, तो माणूस म्हणजे मनिराम स्वतः. बाकी गावाचं मत कोणी विचारलं नव्हतं. आणि मनिरामसमोर मत द्यायला कोणाला वेळही मिळत नसे, कारण तो बोलत असे.

तसा माणूस सोन्यासारखा. सकाळी गावचा भाजीपाला, कोंबड्या, कोणाचं धान, कोणाचा आजारी बाप, जे असेल ते गाडीत घालून गोंदियाला न्यायचा आणि दिवेलागणीला रिकामी गाडी घेऊन परत यायचा. सालेकसा सोडलं की जंगल लागतं. गावाच्या अलीकडे एक फाटा आहे, मोहाच्या मोठ्या झाडापाशी. तिथं रोज कोणी ना कोणी हात दाखवून उभं असायचं. कधी मोळी घेऊन रुख्माकाकी, कधी बांबू घेऊन जंगलू, कधी पळसाच्या पानांचं गाठोडं घेऊन चैतराम. मनिराम गाडी थांबवायचा, ओझं मागं टाकायचा, माणूस पुढं बसवायचा. पैसे घेत नसे. "भाडं कायचं जी, दोन गोष्टी करा," म्हणायचा आणि घर येईपर्यंत समोरच्याला अर्धी गोष्टही करू देत नसे.

त्याचंही बरोबर होतं. बायको धुरपता गेल्यापासून घरात बोलायला फक्त भिंती होत्या. पोरगी रीता तिकडं दुर्गला दिलेली. ती रोज फोन करायची, "जेवले का बाबा?" विचारायची आणि ठेवायची. तिलाही तिचा संसार होता. पण तेवढ्या एका वाक्यातून मनिराम फाट्यापासून गावापर्यंत पुरेल एवढी गोष्ट काढायचा. संध्याकाळी घराचं कुलूप उघडायचं त्याच्या जिवावर यायचं. त्या आधी कोणाशी तरी बोलून झालेलं असलं, तर भात शिजवायला हात उठायचा. नाहीतर तांब्याभर पाणी प्यायचा आणि अंथरुणावर पडायचा.

घोटाळा झाला तो कार्तिकात. दिवस एवढासा, सूर्य बुडाला की लगेच काळोख. पिकअपचे दिवे जुने, पिवळे, मिणमिणते. त्या उजेडात रस्त्यावरचा खड्डा चाक आत गेल्यावरच कळायचा. एका संध्याकाळी रुख्माकाकी फाट्यावर हात दाखवून उभी होती आणि मनिराम तिच्या अंगावर धूळ उडवत सरळ निघून गेला. दिसलीच नाही! त्याला वाटलं, आज कोणी आलंच नाही. त्या दिवशी त्याच्या घरी चूल पेटली नाही.

सकाळी काकीनं त्याला वाटेत गाठून त्याचा उद्धार केला.

"डोये फुटले का तुहे? हात दाखवून दाखवून माहा खांदा उतरला."

मनिरामला आधी लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग आनंद झाला. म्हणजे काल कोणीतरी होतं! त्यानं तिथंच रस्त्यात ठरवलं, असं पुन्हा होऊ द्यायचं नाही. दिवेच बदलायचे.

"काकी," तो म्हणाला, "आता असे दिवे लावतो का मुंगीनं पाय वर केला तरी दिसन."

दिव्यांचे पैसे जुळायला आठवडा गेला. गोंदियाला हिमांशू म्हणून एका पोराचं गाडीच्या सामानाचं दुकान होतं. जीभ अशी गोड, की सायकलवाल्यालाही ट्रकचं टायर विकेल. त्यानं एलईडीचे बल्ब काढले, फुंकर मारून काउंटरवर ठेवले आणि म्हणाला, "काका, ये लगाओ. रात में दिन दिखेगा." मनिरामनं विचारलं, रस्त्याच्या कडेला उभा असलेला माणूस दिसेल ना? हिमांशू म्हणाला, माणूस काय, माणसाच्या मनातलंही दिसेल. बल्ब बसवून त्यानं उजेड पाडून दाखवला, तसा समोरचा पानठेलेवाला डोळ्यांवर हात धरून दोघांना शिव्या देऊ लागला. मनिराम खूश! ज्या दिव्याला एवढ्या लांबून शिव्या पडतात, तो दिवा चांगला असणारच.

एक गोष्ट मात्र हिमांशूनं सांगितली नाही, आणि ती त्यालाही ठाऊक नसावी. जुन्या गाडीच्या दिव्याच्या जुन्या वाटीत असला बल्ब बसवला की उजेड रस्त्यावर पडत नाही, तो चहूकडे सांडतो. त्या संध्याकाळी सालेकसा सोडून मनिरामनं बटण दाबलं आणि जंगल पांढरंफटक झालं. झाडांचे शेंडे दिसले. शेंड्यांवर झोपायला गेलेली माकडं दिसली, आणि सकाळ झाली समजून ती बिचारी खाली उतरू लागली. समोरून येणारा ट्रकवाला गाडी कडेला घेऊन मनिरामच्या सात पिढ्यांची विचारपूस करून गेला. शेतांतले तुडतुडे थव्यांनी काचेवर येऊन आपटले. सगळं दिसत होतं, फक्त रस्ता तेवढा दिसत नव्हता.

फाट्यावर कोणी नव्हतं. कडेला एक मोळी पडलेली, वेलीनं नीट बांधलेली, आणि बाजूला एक चप्पल. मनिरामनं हाका मारल्या, पण इंजिनाच्या घरघरीत त्या विरून गेल्या. झुडपात पानं वाजली आणि वाजत वाजत लांब गेली. डुक्कर असेल, असं म्हणून त्यानं मोळी गाडीत घातली. कोणाची तरी मेहनत, वाया कशाला घालवायची? गावात खांबांवरचे दिवे होते, म्हणून शिरतानाच आपले बंद करून, घराघरापुढे गाडी थांबवून त्यानं विचारलं, ही मोळी कोणाची? सगळ्यांनी कानावर हात ठेवले. रुख्माकाकी दारातच उभी होती, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. ती म्हणाली की तिला आज कुठं जायलाच झालं नाही.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर बांबू सापडले, माणूस नाही. मग पानांचं गाठोडं. मग एक कुऱ्हाड, पाती अजून ओली. मनिराम रोज सगळं इमानदारीनं उचलून आणायचा, रोज गावभर विचारायचा आणि रोज आपल्याच अंगणात रचून ठेवायचा. गाडीत बोलायला कोणी नाही. जीभ जड झाली, भात तर चुलीवर चढेचना. शेवटी एका संध्याकाळी त्यानं एक मोळी मागं न टाकता शेजारच्या सीटवर ठेवली आणि गावापर्यंत तिलाच रीताच्या फोनची गोष्ट सांगितली. मोळीनं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, तरी त्याचं मन भरलं नाही.

खरा प्रकार त्याला टपरीवर कळला, म्हणजे त्याला वाटलं की कळला. जंगलू चहा पिता पिता हळू आवाजात सांगत होता की जंगल खात्यात नवीन साहेब आला आहे. दिवे लागायच्या वेळी त्याची गाडी फाट्यावरून फिरते, डोळे पांढऱ्या जाळासारखे. मोळी दिसली, कुऱ्हाड दिसली, की उचलून नेतो. त्या उजेडात सापडला तो मेला! ती गाडी जाईपर्यंत लोक झुडपात पालथे पडून राहतात.

मनिरामच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे आपली माणसं या साहेबानं पळवली! त्यानं विचारलं, कधी येते ती गाडी?

"तुह्याच टायमाले," जंगलू म्हणाला.

"मले त एकडाव नाही दिसली."

"तुले कशी दिसन? तुह्या पुढं पुढंच राहते थे."

यात तसं खोटं काही नव्हतं.

इकडे गावात गोष्टीचा दुसरा फाटा फुटला होता. चैतराम मनिरामच्या घरावरून जाताना थबकला, कारण अंगणात त्याचंच पानांचं गाठोडं होतं. शेजारी जंगलूचे बांबू, वर कोणाची कुऱ्हाड. अंगण कसलं, जप्त मालाचा डेपोच तो! संध्याकाळपर्यंत गावानं निकाल देऊन टाकला की साहेब माल धरतो आणि मनिराम तो सांभाळतो. दुसऱ्या सकाळी भाजीवाल्यांनी टोपल्या डोक्यावर घेऊन स्टेशनाची वाट धरली. मनिरामला वाटलं, साहेबाच्या भीतीनं माणसं दिवसाही बाहेर पडेनात. आता तो चांगलाच पेटला. साहेब असेल तर घरचा असेल, त्याला गाठायचं आणि विचारायचं, बाबा रे, गरिबांनी संध्याकाळी रस्त्यावर उभंसुद्धा राहायचं नाही का?

त्या संध्याकाळी तो लवकर निघाला. फाट्यावर आला, गाडी मोहाच्या झाडाखाली घेतली, दिवे बंद केले आणि साहेबाची वाट पाहत बसला. साहेब काही येईना. अंधार दाट झाला, झाडांत रातकिडे किरकिरू लागले. मनिरामला एकदम फार एकटं वाटलं. साहेब आला असता तर निदान भांडायला तरी कोणी मिळालं असतं, असं त्याच्या मनात आलं आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

तेवढ्यात पानं वाजली. झुडपातून मोळी बाहेर आली आणि मोळीखाली रुख्माकाकी. अंधारातल्या जुन्या पिकअपला तिनं बरोबर ओळखलं. मोळी मागं फेकली, दार उघडलं, मनिरामकडे न पाहता आत बसली आणि कुरकुरत म्हणाली की साहेबाचा माणूस झालास तर झालास, पण आता लवकर हाक, ती गाडी यायची वेळ झाली.

माणूस! शेजारी जिवंत माणूस! मनिरामला साहेबाचा पार विसर पडला. त्यानं गाडी सुरू केली आणि सवयीनं दिव्यांचं बटण दाबलं.

जंगल पांढरं झालं. माकडं उतरू लागली. रुख्माकाकीनं दाराला हात घातला, मग थांबली. तिनं समोरच्या उजेडाकडे पाहिलं. मग मनिरामकडे पाहिलं.

"मनिराम, थो साहेब तू होय का रे?"

मनिरामनं काचेबाहेर पाहिलं, अंगणातला ढीग आठवला, ती एक चप्पल आठवली. मग तो गयावया करत सांगू लागला की हे सगळं तुमच्याचसाठी केलं. पुन्हा कोणी नजरेतून सुटू नये म्हणून. तुम्हाला एवढं लांब पायी जावं लागू नये म्हणून.

"पायी?" काकी म्हणाली. "माहं घर तुह्या घराच्या मागं आहे. तुह्या गाडीत बसाचं म्हनून मी गावातून इथपर्यंत पायीच येते. थे मोळी कायले आनते, मालूम आहे? तू विचारशीन काकी इकडं काऊन आली, म्हनून. लाकडं त माह्या परसात पावसाळाभर पुरतीन एवढी पडली आहेत."

मनिरामला आधी समजलंच नाही. मग काकीनं त्याला सगळं सांगितलं. धुरपताची तेरवी झाली, रीता सासरी परत गेली, आणि मनिराम रोज संध्याकाळी घरापुढं येऊन स्टिअरिंग धरून बसून राहू लागला, खाली उतरेचना. गावानं ते पाहिलं. डुकरांपासून धान राखायची गावात बारी असते, आज या घराची, उद्या त्या घराची. लोकांनी बसून ठरवलं की त्याच बारीत मनिरामलाही धरायचं.

"ज्याची राखनीची बारी, त्यानं आधी तुले घरी आनून सोडाचं, मंग डुकरावर जावाचं. माही बारी होती म्हनून आली. साहेबाचा माणूस झाला म्हनून का बारी चुकवाची?"

इतकी वर्षं त्याला वाटत होतं की तो गावाला घरी पोचवतो आहे. शरम वाटली, पण बरंही वाटलं, आणि यातलं काय आधी वाटू द्यावं हे त्याला कळेना. त्यानं विचारलं, उद्या कोणाची बारी?

"जंगलूची," काकी म्हणाली. "पन थो म्हनते, मनिराम फार बोलते. दोन दिवस जास्तीची डुकरं राखतो, पन थे गाडी नोको."

त्यावर मनिराम घरापर्यंत एक शब्द बोलला नाही. काकीला ते इतकं विचित्र वाटलं, की उतरताना तिनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं पांढरे दिवे उतरवले आणि माल घेऊन जा म्हणून गावाला निरोप धाडला. सगळे आले. तुझी मोळी जाड, माझी बारीक, म्हणून अंगणात दुपारभर भांडले. मनिरामनं सगळ्यांना काळा चहा पाजला आणि भांडण मिटू नये म्हणून मधूनमधून दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं म्हटलं.

संध्याकाळी फाट्यावर जंगलू उभा होता. हातात बांबू नव्हता, आता कशाला पाहिजे? गाडीत चढला, पाय लांब केले, डोळे मिटले आणि म्हणाला, "हं, बोल का बोलतेस थे. पन माही बारी घरापर्यंतच आहे."

मनिरामनं बैलगाडीच्या चालीचा दुसरा गिअर टाकला, तो गाव येईपर्यंत काढलाच नाही.