उलटे फेरे

सातव्या फेऱ्याला झाडाचा शेंडा आला, दिव्यांची माळ संपली आणि वेंकटेशच्या हातात पिन राहिली. विजेचा बोर्ड खाली भिंतीच्या पायथ्याशी. ऑफिसातून येऊन अजून चहाही न मिळालेल्या माणसाला आणखी काय हवं!

"अप्पा, तुम्ही चुकीच्या टोकाकडनं सुरू केलासा," भार्गवी म्हणाली. आठवीतल्या या लेकीनं 'आमच्याकडं पण ख्रिसमस ट्री हाय' असं वर्गभर सांगून ठेवलं होतं. मैत्रिणी सहाला बघायला येणार होत्या. झाड अंगणातल्या कुंडीतलं, माळ गणपतीतली आणि कंबर वेंकटेशची. साडेपाच वाजून गेले होते.

तो निमूटपणे माळ सोडवत उलटा फिरायला लागला. एक फेरा होतो न होतो, तोच खिडकीच्या गजांतून आवाज आला.

"अय्यो वेंकटेशराव, उलटं नका वो फिरू!" शेजारच्या हेमावती अक्का. मळमड्डीच्या अख्ख्या वस्तीत कुणाच्या घरी काय चाललंय ते त्यांना त्या घराआधी कळे. "मघापास्नं बघतेय मी. बरोब्बर सात फेरे घातलासा. वटपौर्णिमेला बायका सात जन्मांसाठी घालतात, आणि तुम्ही सोडवायला लागलासा? एक गेलाच की!"

"अक्का, ही वायर आहे. आणि हा वड नव्हे."

"झाड ते झाड, फेरे ते फेरे."

त्याची बायको श्यामला झारा घेऊनच स्वयंपाकघरातून आली. "अहो, त्यांचं खरं आहे. मी दरवर्षी उपास करून मिळवायचं आणि तुम्ही सोडवायचं होय?"

तोडगाही अक्कांनीच काढला. माणसानं फिरायचं नाही, कुंडी फिरवायची. झाड फिरलं तर दोष नाही. मातीनं गच्च भरलेली कुंडी वेंकटेशनं कवेत घेऊन सहा वेळा फिरवली, भार्गवीनं माळ गोळा केली. मग खालून वर पुन्हा सात सुलटे फेरे घालून झाले. भार्गवीनं पिन लावली. दिवे लागले नाहीत.

"एखादा बल्ब सैल असेल, अप्पा. सगळे दाबून बघायला पाहिजेत."

"सात जन्म म्हणे!" वेंकटेश मटकन खाली बसला. "या एकाच जन्मात कंबर गेली माझी. पुढचे नकोतच मला!"

अक्कांनी दोन्ही कानांना हात लावले. श्यामला नुसती झाऱ्याकडं बघत राहिली. आपण भलतंच बोललो हे कळून वेंकटेशला फार वाईट वाटलं.

"तसं नव्हे गं. तू एवढ्या श्रद्धेनं सात-सात फेरे घालतेस..."

"तीन."

"काय?"

"तीनच घालते. पाच वर्षं झाली. गुडघे दुखतात. गर्दीत कोण मोजतंय?"

खिडकीतल्या अक्का नाहीशा झाल्या. भार्गवीनं खालचा एक बल्ब दाबला आणि सगळं झाड उजळलं. तिकडं कुणी बघितलंच नाही.

"म्हणजे चार जन्म तू मला सोडलंस?"

"आत्ताच म्हणालात की, नकोत म्हणून."

"मी दमलो होतो म्हणून बोललो!"

"मग मी काय ताजीतवानी असते?" म्हणून श्यामला आत गेली.

बाहेर फाटक वाजलं. मुलींचा किलबिलाट अंगणात आला. वेंकटेश भिंतीला धरून उठला आणि लागलेल्या दिव्यांभोवती रिकाम्या हातांनी चालायला लागला.

"अप्पा, काय करालायसा? मैत्रिणी आल्या!"

"येऊ देत," कमरेवर हात ठेवून तो म्हणाला. "तुझ्या आईचे चार राहिलेत."