शेजारच्या सीटवरचा बिघाड

मार्चच्या पहिल्या शनिवारपासून मेच्या मध्यापर्यंत मी उल्हासची मॉरिस मायनर एकतीस वेळा सुरू करून पाहिली. सत्तावीस वेळा ती सुरू झाली. चार वेळा झाली नाही. त्या चारही वेळा शेजारच्या सीटवर त्याच्या पत्नी, शैलजावहिनी, बसलेल्या होत्या.

हे आकडे माझ्या वहीतले आहेत. मी तुटलेले धातू तपासण्याची नोकरी करतो. विमानाचा बोल्ट असो की जिन्याचा कठडा, तो का तुटला हे मला सांगावे लागते. तीस वर्षांच्या अनुभवावरून एवढे नक्की म्हणतो, की तुटलेली वस्तू खोटे बोलत नाही. तेव्हा पहिल्या अपयशानंतर मी नीनाला, म्हणजे माझ्या पत्नीला, सांगितले की एका शनिवारात कारण काढून दाखवतो. ती 'बरं' म्हणाली. लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाल्यावर त्या 'बरं'ला जे वजन येते, ते त्यात पुरेपूर होते.

माझा मित्र उल्हास मूळचा नागपूरचा. त्याच्या वडिलांकडे अशीच मॉरिस होती. ती विकली गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि दोन दिवस जेवला नव्हता. मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत घर घेतल्यावर पुष्कळ वर्षांनी त्याला व्हरमाँटमधल्या एका गोठ्यात १९५८ ची मॉरिस सापडली. कोणी तरी ती थेट इंग्लंडहून आणली होती, त्यामुळे स्टिअरिंग उजवीकडे होते, आणि टपावर कोंबड्यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते. उल्हासला दोन्ही गोष्टींचा आनंद झाला. त्यानंतर अकरा वर्षे दर शनिवारी नऊ ते एक आम्ही त्याच्या गॅरेजमध्ये होतो. उल्हास गाडीखाली, मी वही घेऊन स्टुलावर, आणि वहिनी टॉर्च धरून उभ्या. अकरा वर्षांत गाडी एकदाच हलली: हँडब्रेक सुटून ती आपली आपण उतारावरून खाली गेली आणि कचऱ्याच्या डब्याला भिडली. उल्हासने माझ्या वहीत ती नोंद 'टेस्ट ड्राइव्ह' अशी करायला लावली. मला तो 'परीक्षकसाहेब' म्हणे. परीक्षित या नावाचा इतका सोपा उपयोग अकरा वर्षे करूनही त्याचे समाधान झाले नव्हते.

गेल्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या मंगळवारी, उल्हास झोपेतच गेला. त्या दिवशी कार्ब्युरेटर त्यांच्या जेवणाच्या टेबलावर, वर्तमानपत्र पसरून, खोलून ठेवलेला होता. भेटायला आलेल्यांनी चहाचे कप त्याच्या कडेकडेने ठेवले. तेरा दिवस कोणी तो हलवला नाही. चौदाव्या दिवशी मी तो जोडायला घेतला.

फेब्रुवारीत वहिनी दारातल्या बर्फावर घसरल्या आणि चाळीस मिनिटे तशाच पडून होत्या. पोस्टमनने त्यांना पाहिले. त्यांची मुलगी निधी टेक्सासला, अर्विंगमध्ये असते. तिने आईला तिकडेच राहायला यायला सांगितले. विनंतीच्या पायऱ्या संपल्यावर ती रडली. तेव्हा वहिनींनी तिला शब्द दिला, आणि तो माझ्यासमोर, फोनचा स्पीकर चालू असताना दिला:

"बाबांची गाडी सुरू होऊ दे. तिच्यात बसून तळ्याला एक फेरी मारते. मग तू म्हणशील तिथे येईन."

म्हणजे वहिनींचे जाणे आता माझ्या हातात होते. या कामाला मी नाही म्हणू शकलो असतो. ते माझ्या लक्षात आले नाही.

मार्चमध्ये गाडी सुरू झाली. पहिल्याच किल्लीला. एकसष्ट वर्षे वयाचा, डोक्यावर टक्कल असलेला मी गॅरेजमध्ये एकटाच टाळ्या वाजवत उभा राहिलो, आणि मग वहिनींना बोलावून शेजारी बसवले. किल्ली फिरवली. इंजिन फिरले, फिरत राहिले, पेटले नाही. मी बॉनेट उघडायला उतरलो. वहिनी म्हणाल्या, "मी चहा टाकते," आणि आत गेल्या. चहा येईपर्यंत मी सगळ्या तारा तपासल्या. ठिणगी उत्तम होती. किल्ली फिरवली तर गाडी सुरू.

दुसऱ्या वेळी हेच झाले. तिसऱ्या वेळीही. चहासुद्धा.

निधी दर रविवारी फोन करून विचारी, "काका, गाडीचं काही अपडेट?" आणि मी तिला खरे ते सांगे: गाडी उत्तम आहे, फक्त तुझी आई बसली की चालत नाही. ती म्हणे, "ओके, दॅट्स नॉट अ थिंग." असे काही नसते, हेच शास्त्रीयदृष्ट्या माझेही मत होते.

ही बातमी मराठी मंडळात पसरली. मंडळाचा सेक्रेटरी अवधूत दिवसा मोठमोठ्या कंपन्यांचा डेटा सांभाळतो, त्यामुळे संबंध शोधण्याची त्याला सवय आहे. एका शनिवारी तो लिंबू-मिरची घेऊन हजर झाला. दुकानात हिरव्या मिरच्या संपल्या होत्या म्हणून सात जाडजूड मेक्सिकन हालापेन्यो, आणि लिंबू अमेरिकन, पिवळे, संत्र्याएवढे. ते सर्व बंपरला टांगल्यावर गाडी एका बाजूला किंचित कलल्यासारखी वाटली.

"दादा, पॅटर्न क्लिअर आहे," तो मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला. "उल्हासदादांना वहिनींनी जायला नकोय."

मी त्याला सांगितले की मेलेला माणूस ठिणगी अडवू शकत नाही. या विधानात मला पुढे दुरुस्ती करावी लागली.

पद्धत सरळ होती. वहिनी बसल्यावर गाडीत जे जे बदलते, ते एकेक करून तपासायचे. पहिला संशय वजनाचा: सीट दाबली जाऊन खालची एखादी तार दुखावत असेल. मी वहिनींना त्यांचे वजन विचारले. नीनाने टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारली.

"का हो भावजी, माझी तुला करायची आहे?" वहिनी म्हणाल्या. "गुळाची की साखरेची?"

एकशे बत्तीस पौंड. मी इंडियन ग्रोसरीतून तांदळाच्या वीस-वीस पौंडांच्या सहा पिशव्या आणल्या, वर दहा पौंड तूरडाळ, आणि बेरीज जुळावी म्हणून दोन पौंड गूळ. हे सगळे शेजारच्या सीटवर माणसाच्या आकारात रचले आणि घसरू नये म्हणून दोरीने बांधले. गाडी तत्काळ सुरू झाली. ती मी कोपऱ्यापर्यंत नेऊन आणली. फेब्रुवारीत वहिनींना उचलणारा पोस्टमन वाटेत भेटला. त्याने आधी माझ्याकडे पाहिले, मग दोरीने बांधलेल्या तांदळाकडे, आणि वहिनी कशा आहेत असे फार हळू आवाजात विचारले.

परत येताना एक पिशवी फाटली. तांदूळ गाडीभर झाला.

मग मी कापडातली वीज तपासण्यासाठी वहिनींचा स्वेटर मागून आणला आणि नीनाला तो घालून बसवले. गाडी सुरू झाली. नीना बराच वेळ उतरली नाही. स्वेटरच्या बाहीवर कार्ब्युरेटरच्या तेलाचा जुना डाग होता. ती त्यावरून बोट फिरवत होती. "तुला कळतंय का काही," ती म्हणाली. मी म्हटले, स्थिर वीज वगळता येईल. ती म्हणाली, "बरं."

शेवटी उरला एकच मार्ग: वहिनी प्रत्यक्ष बसलेल्या असताना मोजमाप घेणे. आजवर बॉनेट उघडले की वहिनी उतरत, त्यामुळे ते जमले नव्हते. मी ठिणगी पुरवणाऱ्या तारेला लांब वायर लावून मीटर आधीच आत आणून ठेवला आणि चौथ्या वेळी तो मांडीवर घेऊन बसलो. माझ्या मांडीवर काही ना काही उपकरण असतेच, म्हणून वहिनींनी त्याकडे लक्ष दिले नसावे. किल्ली अर्धी फिरवली. काट्याने बारा व्होल्ट दाखवले. अगदी बरोबर. मग डावीकडून, खालून, बारीक 'टक्' असा आवाज आला, आणि काटा शून्यावर पडला.

मी किल्ली पूर्ण फिरवली. इंजिन फिरले, पेटले नाही.

"मी चहा टाकते," वहिनी म्हणाल्या. पुन्हा 'टक्' झाले. त्या उतरून आत गेल्या.

मी त्यांच्या जागी बसलो आणि समोरच्या फळीखाली हात घातला. तिथे एक पितळी कळ होती. तिच्यापासून निघालेली तार जुन्या तारांच्या जुडग्यात, जुन्याच कापडी पट्टीखाली, अशी गुंडाळलेली होती की मला कधी दिसली नसती. दोन वर्षांपूर्वी आईच्या वर्षश्राद्धाला मी पुण्याला गेलो होतो, तेव्हाचे काम असणार. कळ खाली केली की ठिणगी बंद. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून. चोर ड्रायव्हरच्या बाजूला बसतो, हात तिकडे फिरवतो. म्हणून कळ बायकोच्या बाजूला. कळीच्या वर आणि खाली उल्हासने पांढऱ्या पट्टीवर आपल्या अक्षरात लिहून ठेवले होते. वर 'आपण'. खाली 'चोर'. मॅसॅच्युसेट्समधल्या चोराला मराठी वाचता येत नाही, हा त्यामागचा विचार.

अकरा वर्षे ज्या बाईने या गाडीवर टॉर्च धरला, तिला कुठली तार कुठे जाते हे ठाऊक असेल, ही शक्यता माझ्या वहीत कुठेही नव्हती. डाळ होती, गूळ होता.

चहा आला. मी तो प्यालो. वहिनींनी विचारले, "सापडलं काही?" मी म्हटले, अजून बघतो. त्यांनी पोह्यांची बशी पुढे सरकवली.

मेअखेरीस, मेमोरियल डेच्या सुट्टीला निधी आली. सोमवारच्या विमानाची दोन तिकिटे काढून आली होती. शनिवारी सकाळी ती आणि वहिनी घरात असताना मी बॉनेट उघडले आणि ठिणगीची तार अर्धा इंच बाहेर ओढून ठेवली. वहिनींवर स्वतःच्या मुलीदेखत कळ खाली करण्याची वेळ येऊ नये, असे मी स्वतःला कारण दिले. ते त्या वेळी मला पुरेसे वाटले.

मग दोघी बाहेर आल्या. गाडीच्या दाराशी निधी थांबली आणि मराठीत बोलली. इतके सलग मराठीत ती क्वचित बोलते, त्यामुळे एकेक शब्द वेगळा ऐकू आला.

"आई, मी रोज सकाळी फोन करते ना. तू तिसऱ्या रिंगपर्यंत उचलला नाहीस की मला तू बर्फात दिसतेस. रोज. मे महिन्यातपण."

वहिनींनी तिच्या गालावर हात ठेवला आणि गाडीत बसल्या. निधी मागे बसायच्या आधी तिला फोन आला. बोलत बोलत ती उतारापर्यंत गेली. त्यात चार मिनिटे गेली. मी वहिनींच्या शेजारी बसलो होतो; 'टक्' झाले नाही. तार परत जोडायला दहा सेकंद लागतात. मी ती जोडली नाही.

ती आल्यावर मी किल्ली फिरवली. इंजिन फिरले. पेटले नाही.

मी वहिनींकडे पाहिले. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते, एकात एक, आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. मागे निधीने कपाळ सीटला टेकवले होते.

"भावजी," वहिनी अगदी हळू म्हणाल्या, "मी हात नाही लावला."

"माहीत आहे."

"मग?"

मी स्टिअरिंगवरचे हात मांडीवर घेतले. वहिनींनी माझ्या हातांकडे पाहिले. बोटांना काळे तेल लागलेले होते. मग त्यांनी पायाशी पडलेला तांदळाचा एक दाणा उचलला, तो चिमटीत फिरवला, आणि म्हणाल्या,

"जोडून या. आज मी चहाला उठणार नाही."

मी उतरलो, तार जोडली. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. निधी मागून रडक्या आवाजात "ओ माय गॉड" म्हणाली. क्विन्सिगामंड तळ्याला आम्ही एक पूर्ण फेरी मारली, ताशी पंचवीस मैलांनी. मागे मोटारींची रांग लागली. हालापेन्यो बंपरला आपटत होते. वहिनी वाटेत एकदाच बोलल्या: "हे असते तर तिसऱ्या गिअरमध्ये घातलीच नसती." मी दुसरा टाकला.

सोमवारी त्या गेल्या. गाडी माझ्याकडे ठेवली.

वहीत नोंद पूर्ण केली पाहिजे, म्हणून करतो. अपयशे एक ते चार: कळ 'चोर'वर, ती वहिनींनी फिरवली, कारण त्यांना जायचे नव्हते. अपयश पाचवे: कळ 'आपण'वर, तार मी काढली. वहिनींसाठी काढली, हे कारण टिकत नाही, कारण त्यांनी हात लावला नव्हता आणि माझ्याजवळ चार मिनिटे होती. गाडीत कोणताही दोष नव्हता. वहिनी गेल्यावर शनिवारी सकाळी नऊ वाजता मला जायला ठिकाण उरणार नव्हते.