तात्यांची तीन बोटं

तात्या सोमवारी गेले. मंगळवारी आमच्या झरी गावात कुणीही कुणाच्या मुलावर "तीन बोटं!" म्हणून ओरडलं नाही.

तात्या आमचे शेजारी, धंद्यानं शिंपी. पण शाळेतून येणाऱ्या प्रत्येक मुलाला दुकानासमोर अडवायचे, पाटीवर रेघ ओढायला लावायचे आणि भडकायचे. "तीन बोटं! पेन्सिल धरायलास का भाला? मी सुई अशी मुठीत धरली तर नवरदेव उघडा बसंल मांडवात!" एकदा पाटलांची बंडी अर्धी टाकून ते धनगराच्या पोराला अंगठा कुठे टेकवायचा ते दाखवत बसले. पाटील तापले. तात्या त्यांच्यावर तापले. "दम धरा की! बंडी उसवता येती, बोटाची सवय न्हाई."

मी डावरी. तेव्हा निजामाच्या शाळेत उर्दू आधी. ती उजवीकडून लिहायची, म्हणून माझी स्वच्छ यायची. मराठी लिहिताना मात्र माझाच तळहात मागून येऊन अक्षरं पुसायचा. मास्तरांनी माझा डावा हात दोरीनं पाठीशी बांधला. त्यांचा राग मला अजून येतो. वडील म्हणाले, "सरकारची भाषा झ्याक आन् आपलीच फरकाटलेली? आठ दिवसांत सुधार, न्हाई तर चल कापूस वेचायला."

तात्यांनी माझ्या मनगटावरचा वळ पाहिला आणि मला घेऊन सरळ वडिलांसमोर उभे राहिले. "दोरी लय झाली आसंल तर मास्तराच्या तोंडाला बांधा!" मग खाली बसून त्यांनी माझी पाटी तिरपी केली. "कापड फिरवायचं, बाई. हात कशाला पिरगाळायचा?" हात ओळीच्या खाली आला. अक्षरं टिकली. वडिलांनी वेचणीचं नाव पुन्हा काढलं नाही.

दिवाळीच्या सुमाराला तात्यांनी मला दुकानात बोलावलं, दार लोटलं आणि कधी नव्हे ते हळू आवाजात विचारलं, "माझं नाव लिवतीस का?"

मी लिहून दिलं. पाटी हातात घेऊन ते कितीतरी वेळ बघत राहिले. पाटी उलटी होती.

मला हसू आलं. त्यांनी ते पाहिलं. "जा आता, मला काम हाय," म्हणाले. पुन्हा कधी काही लिहायला सांगितलं नाही. मीही विषय काढला नाही. स्वतःवर रागावण्यापेक्षा मास्तरांवर रागावणं सोपं आहे.

आता दुकानाला कुलूप आहे. मी मुलींना लिहायला शिकवते. तात्यांना शिकवलं नाही.