कंडेन्सर बदलू का राहू देऊ

बटण मी दाबलं, हे आधीच सांगून टाकते.

फाट्‌ असा आवाज झाला. पेटीतून धूर निघाला आणि सडक्या माशासारखा वास सुटला. कापसासारखं काहीतरी वर उडालं आणि लिंबाजी भाऊजींच्या डोक्यावर, चष्म्यावर, चहाच्या कपात येऊन पडलं. मी मागच्या मागे पत्र्याच्या कोठीवर आदळले. भाऊजींची बायको तारा बाजेवर बसली होती. तिला दिसत नाही. तिने विचारलं, "कोण गेलं?"

भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. उघड्या पेटीत वाकून बघितलं आणि म्हणाले, "दोन नंबर गेला. तीन नंबर मापात हाय."

"आणि तुम्ही?" मी म्हणाले.

त्यांनी छातीवर हात ठेवून थोडा वेळ तपासलं. "मी बी मापात हाय."

लिंबाजी भाऊजी आमचे शेजारी. जालन्याच्या एमआयडीसीमागच्या वस्तीत आमची दोन घरं एका भिंतीची. माझे मालक आणि ते सळयांच्या एकाच कारखान्यात होते, मालक भट्टीवर आणि भाऊजी वायरमन. सकाळी ते "जयभीम, वहिनी" म्हणायचे, मी "रामराम" म्हणायचे, आणि दोघं एका सायकलवर निघायचे. मालकांना जाऊन पाच वर्षं झाली. भाऊजी आता रिटायर आहेत. विहारात पौर्णिमेला माइक लावतात, शेजाऱ्यांचे पंखे बघतात, आणि उरलेला सगळा वेळ एका प्रश्नात घालवतात.

तो प्रश्न समजायचा तर आधी पेटी समजली पाहिजे.

सळई भंगारातून होते. कारखान्यात भंगाराचे ट्रक यायचे आणि त्यात काय नसायचं ते विचारा. जहाजाचे पत्रे, शिलाई मशीन, पलंग, एकदा तर लहान मुलाचा लोखंडी पाळणा. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाभळीखाली पडायचे आणि भाऊजी ढिगावर फिरायचे. तीस वर्षांमागे, फोडलेल्या जहाजाच्या मालात त्यांना ही पेटी दिसली. तिला रिसीव्हर म्हणतात. रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच खोक्यात. बाहेरून लाकूड, पुढून चांदीसारखा पत्रा, आणि मधोमध लिंबाएवढी जड गोल मूठ. मुकादमाच्या पाया पडून त्यांनी ती भट्टीच्या तोंडातून सोडवली. सायकलच्या दांडीवर ठेवून आणली, माझे मालक मागे धरून चालत आले.

"जपानी हाय," भाऊजी तेव्हा म्हणाले. "कप्तानाच्या खोलीत असंल." कप्तान कुठला आणि त्याची खोली कुठली, ते त्यांनीच ठरवलं.

या पेटीच्या पोटात कंडेन्सर असतात. पंख्यात असतो तोच प्रकार, फक्त लहानमोठ्या डब्या. एकूण बावीस. त्या वीज धरून ठेवतात आणि लागेल तशी सोडतात. वय झालं की आतली ओल वाळते. वाळली की गाण्यामागे घूं घूं ऐकू येते. एखादी फुगून फुटली तर बाकीच्या पेटीलाही सोबत नेते. मी चौथी शिकलेली बाई आहे, पण तीन वर्षं रोज ऐकून एवढं माझं पाठ झालं.

तीन वर्षांमागे घूं घूं सुरू झाली आणि भाऊजींचा प्रश्नही. कंडेन्सर बदलू का राहू देऊ?

बदलायचे तर आतली पाटी जुनी. तिच्यावर तांब्याच्या बारीक रेघा असतात, डाग देताना जास्त ताव लागला की त्या उचलतात. भाऊजींचा हात थरथरतो. एक रेघ उचलली तर पेटी कायमची मुकी. न बदलावे तर एक दिवस ती आपणहून जाईल. नवे कंडेन्सर त्यांनी आणून ठेवले होते, बिस्किटाच्या डब्यात, कापसात गुंडाळून. रोज सकाळी डबा उघडायचा, नव्यांना मीटर लावायचा, मग पेटी उघडून जुन्यांना लावायचा, आणि म्हणायचं, "अजून मापात हाय."

हे "मापात हाय" त्यांना सगळीकडे लागतं. चहा मापात असतो, ऊन मापात असतं. माझ्या नातीला बघायला पाहुणे आले तेव्हा भाऊजींनी मुलाला दारातून निरखलं आणि सगळ्यांसमोर तसंच म्हणाले. मुलाचा बाप अजून विचारतो, कशाच्या मापात.

स्वतःला ठरवता येईना म्हणून त्यांनी लोकांची मतं घ्यायला सुरुवात केली. दाराच्या मागच्या बाजूला कोळशाने दोन रकाने पाडले. एकीकडे बदला, दुसरीकडे राहू द्या. जो येईल त्याची एक रेघ. आशाताई रक्तदाब बघायला आली, तिलाही विचारलं. ती म्हणाली, "काका, आधी तुमची गोळी बदला." भाऊजींनी 'बदला'मध्ये रेघ ओढली. गॅसवाला म्हणाला, "मला यातलं काही कळत न्हाई." त्याच्यासाठी तिसरा रकाना पाडला.

माझे मालक गेले तेव्हा भाऊजी येऊन ओट्यावर बसले. उठताना म्हणाले, "वहिनी, शंकरराव एकदा म्हणले होते, पेटीला हात लावू नका." पुढे घूं घूं सुरू झाली आणि रकाने पडले, तेव्हा पहिली रेघ त्यांनी मालकांची ओढली, 'राहू द्या'मध्ये. मी म्हणाले, "माणूस गेला की हो."

"माणूस गेला, मत कुठं गेलं," ते म्हणाले.

आता यात हसू येतं, पण हाच माणूस कारखान्यात वेगळा होता. एकदा भट्टीवरचा एक पोऱ्या वायरला चिकटला. सगळे ओरडत राहिले. भाऊजींच्या हातात भाकरी होती, ती तोंडात धरून त्यांनी धावत जाऊन मेन खाली ओढला. सगळा कारखाना बंद, मालाचं नुकसान, कारखान्याचा शेठ अंगावर आला. भाऊजी भाकरी काढून म्हणाले, "पोरगं मोजा, माल मंग मोजा." ठरवायला त्यांना श्वास घ्यावा लागला नव्हता. तोच माणूस डबीएवढ्या वस्तूपुढे तीन वर्षं बसून होता.

आणि ती पेटी काही शोभेची नव्हती. ताराचा दिवस तिच्यावर होता.

ताराचे डोळे आठ वर्षांमागे गेले. आधीच साखरेने अधू झाले होते, शहरात ऑपरेशन झालं, ते साधलं नाही. तेव्हापासून ती बाजेवर. हाताला लागेल अशी पेटी ठेवलेली. ती जड मूठ एकदा ढकलली की आपल्या वजनाने फिरत राहते. डाव्या टोकापासून अडीच फेरे, बातम्या आणि शेतीचं. चार फेरे, जुनी गाणी. ताराला कुणाला हाक मारावी लागत नाही. लाकडावर हात ठेवून ऊब बघते आणि सांगते, पेटी किती वेळ चालू आहे. पुण्याच्या मुलीने एक बोलणारा डबा पाठवला होता, त्याला नाव घेऊन सांगावं लागतं. ताराने पहिल्या दिवशी सांगितलं, तो म्हणाला समजलं नाही. तारा म्हणाली, "मंग राह्यलं." तो डबा आता मिठाच्या बरणीशेजारी असतो.

या उन्हाळ्यात घूं घूं इतकी वाढली की बातम्या ऐकू येईनात. भाऊजींनी दोन दिवस जेवण नीट केलं नाही, मग एक कंडेन्सर बदलला. एकच. मोठ्यातला, दोन नंबरचा. तीन वर्षं विचार करून बदलला आणि उलटा बसवला. जुन्यावर खूण असते ती प्लसच्या पायाला, नव्यावर मायनसच्या पायाला. यांनी खुणेला खूण लावली. सळयांच्या कारखान्यातल्या माणसाला जुन्या जागेवर जुन्यासारखंच बसवायची सवय.

तरीही वाचलं असतं. नेहमी ते पेटीच्या वाटेत शंभरचा बल्ब जोडतात आणि मगच चालू करतात. आत काही चुकलं तर बल्ब भक्क पेटतो आणि पेटी वाचते. ते बल्ब आणायला उठले. मी म्हटलं, आता हा माणूस बल्बची मतं घेणार. आणि बटण दाबलं.

त्यानंतर आठ दिवस त्या घरातून आवाज नाही. भिंतीपलीकडून रोज येणाऱ्या बातम्या बंद झाल्या, तेव्हा मला कळलं की माझं घड्याळ तेच होतं. मी डाळ उशिरा टाकायला लागले. तारा बाजेवर बसून मुठीवर हात ठेवायची, फिरवायची नाही. भाऊजी दारामागे कोळसा घेऊन उभे. आता प्रश्न वाढला होता. बाकीचे एकवीस बदलून पेटी पुन्हा उभी करायची, का जशी आहे तशी झाकून ठेवायची. रेघा पुन्हा पहिल्यापासून.

आठव्या दिवशी मी गेले. चूक माझी होती, पण माफी मागायला नाही गेले. सांगायला गेले की ठरवा.

"वहिनी, तुमचं मत कुठं धरू?" त्यांनी कोळसा पुढे केला.

मी दाराकडे बघितलं. आशाताई होती, गॅसवाला होता, सुतार होता, मेलेला माझा नवरा होता. "यात तारा कुठंय?" मी विचारलं.

भाऊजींनी कोळसा या हातातून त्या हातात घेतला. "तिला कशाला तरास," म्हणाले.

बाजेवरून तारा म्हणाली, "जाऊबाई, ती पेटी माझ्या मांडीवर द्या."

मी एकटी उचलू शकत नव्हते. भाऊजींनी आधी आतली उरलेली वीज उतरवली, मग दोघांनी धरून दिली. ताराने पेटीची पाठ उघडीच आहे ना ते हाताने चाचपलं आणि आत हात घातला. ही बाई तांदळातला खडा बोटांनी काढते. एकेका डबीच्या डोक्यावरून तिचं बोट फिरायला लागलं.

"हा सपाट. हा सपाट. हा पोटुशी."

"तो मीटरवर मापात हाय," भाऊजी म्हणाले.

"मीटर ठेवा तिकडं. पोटुशी हाय."

भाऊजींनी तो काढला. बाहेर काढून मीटर लावला आणि मीटरकडे बघत राहिले. पाटीवर बसलेला असताना शेजारच्यांच्या जिवावर माप दाखवत होता. एकटा पडल्यावर त्यात काही नव्हतं.

"काय दाखवून राह्यला?" ताराने विचारलं.

"पोटुशी," भाऊजी म्हणाले.

सहा निघाले. "फुगले ते बदला, सपाट हायेत ते राहू द्या," तारा म्हणाली. तीन वर्षांचा प्रश्न एवढ्यात मिटला, आणि दारामागचे दोन्ही पक्ष हरले. भाऊजी काम करताना तारा पाटीची कड धरून बसली. हात थरथरायला लागला की तिला पाटीतून कळायचं, मग ती म्हणायची, "थांबा," आणि ते थांबायचे. दोन नंबरची जागाही भरली. खुणा त्यांनी मला वाचायला लावल्या, प्रत्येक डबीच्या दोनदा.

या वेळी बल्ब लावला. मला बटणापासून चार हात लांब बसवलं. बल्ब भक्क झाला, मंद झाला, विझल्यासारखा झाला. थोड्या वेळाने खरखर आली. ताराने मूठ ढकलली. अडीच फेऱ्यांवर एक बाई हरभऱ्यावरच्या अळीबद्दल सांगत होती, अगदी खोलीत बसल्यासारखी.

तारा कान देऊन ऐकत राहिली. मग म्हणाली, "घूं घूं कुठं गेली?"

भाऊजींचं तोंड उतरलं. "ती वाळक्या कंडेन्सरची होती. आता न्हाई येणार. तुला सवय झाल्ती ना."

"कशाची सवय. तीन वर्षं कानात माशी बसल्यावानी झाल्तं."

"मंग बोलली का न्हाईस?"

"इचारलं कुणी? गॅसवाल्याला इचारलं. शंकर भाऊजींचं मत धरून ठेवलं. मला एकदा तरी इचारलं का?"

"हे बराबर आहे," मी म्हणाले.

भाऊजी सोल्डरच्या तारेचं वेटोळं करत बसले. करून झालं ते उलगडलं आणि पुन्हा केलं. "तुला इचारलं असतं तर तू म्हणली असतीस, तुम्ही म्हणाल तसं," ते म्हणाले. "डोळ्याच्या टायमाला म्हणलीस. डॉक्टर म्हणले होते, केलं तर दिसंल, न्हाईतर हाय तेवढं बी जाईल, घरी बोलून घ्या. मी तुला इचारलं. तू म्हणलीस, तुम्ही म्हणाल तसं. मी तिथंच उभ्या उभ्या म्हणलो, करून टाका."

त्या वेळी दवाखान्यात डबा मी नेत होते. हे मला माहीत नव्हतं.

ताराने आवाज थोडा कमी केला. "आता इचारत जावा," ती म्हणाली. "आता मी तसं म्हणत न्हाई."

भाऊजी उठले. "चहा टाकू का?"

"टाका. साखर नको."

ऑपरेशनच्या कागदावर सही भाऊजींची होती. डोळे ताराचे गेले. त्यानंतरची आठ वर्षं त्या दोघांनी त्या एका खोलीत काढली, आणि मी भिंतीपलीकडे होते.